मन्मथअप्पांची हलकी सायकल

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खडकीच्या चढावर. ते सायकलवर होते आणि त्यांच्या शेजारून एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालत होती. दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी मोटारसायकलवरून त्यांना ओलांडून वर गेलो, टपरीवर थांबलो, चहा सांगितला, प्यालो. पेला खाली ठेवत होतो तेव्हा ती बाई वर आली आणि तिच्या मागून अप्पा आले. पाय भिंगरीसारखे फिरत होते, सायकल मात्र मुंगीच्या चालीनं येत होती.

मी बघत राहिलोय हे पाहून टपरीवाला म्हणाला, "ती अप्पाची हलकी हाय सर. पाय लई फिरतेत, सायकल जराशीकच सरकती."

मी तेव्हा लोह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच आलो होतो. भाड्यानं जी खोली मिळाली ती नेमकी अप्पांच्या घराला लागून निघाली. मधे एकच भिंत. त्या भिंतीतून मला रोज सकाळी आधी अप्पांचा खोकला ऐकू यायचा, मग पूजेची घंटी, आणि मग कानस चालल्याचा आवाज. लोखंडावर कानस. आंघोळ करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपली की हा माणूस अंगणात पाटावर बसायचा आणि एका गोल लोखंडी प्लेटला दाते पाडायचा. एका चक्रीला तीन-तीन आठवडे लागायचे. दाते मोजून व्हायचे, पुन्हा मोजून व्हायचे. कंपासपेटीतला कर्कटक, खडू आणि ती कानस, एवढंच सामान.

उंच, वाळलेला देह. पांढरा पायजमा, आणि चेनीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला घोट्याजवळ सुतळी बांधलेली. ती सुतळी ते घरातसुद्धा सोडत नसत. शिवकांताकाकू, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "आंगुळीलाबी तशेच बसतेत बगा. कामून सोडायची म्हणतेत, पुना बांधावीच लागती की."

अप्पांनी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. तुरीच्या टरफलाची पिवळी धूळ तीस वर्षं छातीत गेली. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला तेव्हा अप्पा म्हणाले म्हणे, "म्हंजे अर्धी मिल मी घरी घेऊन आलो." नोकरी सुटली, मुलगा लातुरातच राहिला, आणि अप्पा-काकू लोह्याला, वडिलांच्या घरी परत आले. वडिलांची बावीस इंची काळी सायकल ओसरीत टांगलेली होती. खडकीला त्यांचं थोडं रान होतं. चालत चढ चढवेना, दम पुरेना. सायकलवर तर त्याहून पुरेना. मग अप्पांनी सायकलच बदलायला घेतली.

यातलं मला त्यांनी समजावून सांगितलं तो दिवस मी विसरणार नाही, कारण समजावणारे ते होते आणि पदवी माझ्याकडे होती. आपल्या साध्या सायकलीला पुढं सेहेचाळीस दाते असतात, मागं अठरा. पायडल एकदा फिरवलं की चाक अडीच वेळा फिरतं. सपाटीला ठीक, चढाला जड. अप्पांनी मोठ्या चक्रीच्या आतल्या अंगाला अठ्ठावीस दात्यांची छोटी चक्री बसवली, आणि मागं अठराच्या शेजारी स्वतः कानसून काढलेली छत्तीस दात्यांची मोठी. चढ आला की खाली उतरायचं, सायकलच्या तारेचा केलेला आकडा खिशातून काढायचा, चेन उचलून दुसऱ्या जोडीवर टाकायची.

"पण चेन लांब-आखूड नाही का होत?" मी विचारलं.

अप्पा हसले. "सेहेचाळीस आन् अठरा किती झाले?"

"चौसष्ट."

"अठ्ठावीस आन् छत्तीस?"

मी बेरीज केली. चौसष्टच. चेन तीच पुरत होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मिलमदी डाळ वर चढवायच्या एलिव्हेटरला बगून बगून आलं ध्यानात," एवढंच म्हणाले.

गेअर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. 'जड' आणि 'हलकी', बस. आणि रस्त्याची लांबी ते कधी किलोमीटरमध्ये सांगत नसत, दमात सांगत. "बाजार चार दमावर हाय. खडकी चौदा." कुठल्याही यंत्राचे दाते मोजायची त्यांना खोडच होती. एकदा बसस्टँडसमोर रसवंतीपाशी उभे होते. रसवाला ग्लास पुढं करतोय आणि अप्पा हात आडवा धरून म्हणतायत, "थांब रे, एकोणतीस झालेत." मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मोजून झाल्यावरच त्यांनी ग्लास घेतला, आणि पिऊन झाल्यावर रसवाल्याला सांगितलं, "एक दाता झिजलाय तुझा. ऊस तितंच अडकत असंल." तो म्हणाला, "हाव की ओ! तुमाला कसं कळालं?"

मी एकदा विचारलं, "अप्पा, एवढ्या सावकाश जायचं तर चालत का जात नाही?"

"चालताना आपलं वजन आपुनच न्यावं लागतंय सर. हितं वजन सीटवर बसलेलं असतंय, निस्ते पाय फिरतेत. आन् घाई कुणाला हाय?"

घाई खरंच नव्हती, पण छातीतलं दुखणं थांबायला तयार नव्हतं. दर हिवाळ्यात दम कमी व्हायचा आणि दर हिवाळ्यानंतर अप्पा नवी चक्री कानसायला घ्यायचे. मागं छत्तीसची बेचाळीस झाली. पुढं अठ्ठावीसची चोवीस झाली. आता बेरीज जमेना, तेव्हा चेनीला कड्या वाढवल्या आणि मिलच्या जुन्या पट्ट्याची एक रुळी आणि दाराची स्प्रिंग लावून ढिली चेन ताणून धरायची सोय केली. एके वर्षी चोवीस आणि अठ्ठेचाळीस. म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा, तेव्हा चाक अर्धं फिरणार.

त्या वर्षी ते माझ्याकडे आले. उंबऱ्यावर बसले, बराच वेळ दम घेतला आणि म्हणाले, "सर, एक इचारू का? हे असं दाते वाढवत गेलं, तर कुठवर जाता येतंय?"

मी मास्तरकीच्या भरात कागद घेतला. बल, अंतर, कार्य. "सिद्धांत म्हणून बघितलं तर मर्यादा नाही अप्पा. कितीही हलकी करता येईल. फक्त पाय तेवढे जास्त फिरवावे लागतील. काम तेवढंच राहतं."

"काम तेवढंच ऱ्हातंय?"

"हो. ते कमी होत नाही."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे सुटका न्हाई म्हणा की," असं म्हणून हसले आणि खोकत उठले. मर्यादा नाही हे मी ज्या थाटात सांगितलं, त्याची मला पुढं फार लाज वाटली.

लोखंडाच्या प्लेटा आणायला ते लातूरला जात. एकदा मी सोबत गेलो. भंगारबाजारातून प्लेटा घेऊन परतताना त्यांनी रिक्षा त्यांच्या जुन्या मिलवरून घ्यायला लावली. फाटकापाशी उतरले, नाकाला टॉवेल लावला आणि नुसते ऐकत उभे राहिले. मग वॉचमनला म्हणाले, "तीन नंबरच्या एलिव्हेटरची चेन ढिली झालीया. आवळा म्हणावं." वॉचमन नवा होता. "तुमी कोण?" त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, "कुणी न्हाई." आणि रिक्षात येऊन बसले.

लोक त्यांच्या सायकलीला हसायचे, पण ज्यांचे गुडघे गेलेले होते ते हसत नव्हते. ते एकेक करून अप्पांच्या अंगणात येऊ लागले. एक दूधवाला, एक रखवालदार, एक वीटभट्टीवरचा म्हातारा. अप्पा प्रत्येकाला आधी चालायला लावायचे, मग जिना चढायला लावायचे, त्याचा श्वास ऐकायचे आणि मग दाते ठरवायचे. तयार झालेली सायकल आधी स्वतः खडकीच्या चढावर नेऊन बघायचे, मागं ज्वारीचं पोतं बांधून. तीन-चार वर्षांत अशा अकरा सायकली झाल्या.

त्यातल्या दोघांबद्दल सांगितलं पाहिजे.

एक कमळबाई. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, वय चाळिशीचं, एकटी. हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून ती मंगळवारच्या बाजारात सुया, पिना, करदोडे, काळे मणी विकायची. तिची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, खोलगट भागात. बाजाराला यायचं तर पुलाचा चढ. तो तिला एकटीनं चढवत नसे. ती पुलाच्या तोंडाशी थांबून राहायची, कुणीतरी मागून ढकलेपर्यंत. अप्पांनी ते एकदा पाहिलं. तिच्या तीनचाकीचं काम त्यांनी दीड महिना केलं. तिला खाली उतरून चेन टाकता येणार नव्हती, म्हणून बसल्या जागेवरून ओढता येईल असा दांडा केला. पहिल्या दिवशी ती पुलावर चढत होती आणि अप्पा बाजूनं चालत होते.

"हात दुखतेत का बाई?"

"हात हायेत का न्हाई तेच कळंना अप्पा!" ती मोठ्यानं हसत होती. वर पोचल्यावर कुणी नसलेल्या रस्त्यावर तिनं उगीचच दोन वळसे घेतले आणि पुन्हा खाली उतरून पुन्हा चढून आली. अप्पांना इतकं खुश मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

दुसरे गफूरभाई. सायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधून खारी, टोस्ट, नानकटाई घेऊन खडकी आणि पुढची खेडी करायचे. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांत पाणी झालेलं. अप्पांची आणि त्यांची जुनी दोस्ती. अप्पांनी त्यांना छत्तीसची हलकी करून दिली. चढ बसल्या बसल्या पार व्हायला लागला तसे गफूरभाई एका पेटीच्या दोन पेट्या न्यायला लागले. "अप्पा, तुमची सैकल नै, खच्चर है खच्चर," असं म्हणत अप्पांच्या हातावर दोन टोस्ट ठेवून जायचे. दोन वर्षांनी तिचे दाते झिजले आणि अप्पांनी मागची चक्री नवी केली.

ती नवी चक्री बसवल्याला महिना झाला नसेल. भर दुपारी गफूरभाई दोन भरलेल्या पेट्या घेऊन खडकीचा चढ चढत होते. चढ संपायला थोडा राहिला असताना मागची मोठी चक्री फ्रीव्हीलवरून सुटली. पायडल एकदम मोकळं झालं, सायकल ओझ्यासकट मागं घसरली. पुढच्या दांड्याच्या ब्रेकनं ती थांबण्यासारखी नव्हती. मागून रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. त्याला सावरायला वेळच मिळाला नाही. गफूरभाईंना नांदेडला नेलं. चौथ्या दिवशी ते गेले.

पंचनाम्यात ट्रॅक्टरचा अपघात अशी नोंद झाली. कुणीही अप्पांचं नाव घेतलं नाही. घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पण अपघाताच्या संध्याकाळी अप्पा चढावर जाऊन रस्त्याकडेच्या गवतातून ती चक्री शोधून घेऊन आले होते. मी त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा ती मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"बगा सर. टाके बगा."

मोठी चक्री छोटीला चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारून जोडलेली असायची. तीन जागी टाका तुटल्याची ताजी चमक दिसत होती. चौथ्या जागी काहीच नव्हतं. लोखंड तसंच होतं, काळं, साधं.

"हा मारलाच न्हाई मी," अप्पा म्हणाले. "लोखंडी गेटं करतेत त्या वर्कशॉपात तीन मारले आन् धुरानं खोकला आला. लई आला. भाईर येऊन बसलो. उद्या मारू म्हणलो. गफूर आला, म्हणला, झाली का? म्हणलो, झाली. ने." मग म्हणाले, "चढावर पोतं बांधूनबी न्हेली न्हाई. त्या आठवड्यात दमच न्हवता."

मी म्हणालो, दोन पेट्या होत्या, ओझं जास्त होतं, ट्रॅक्टर जवळ होता. जे जे म्हणता येतं ते सगळं म्हणालो. ते ऐकत होते की नाही मला कळलं नाही. काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी ती चक्री माझ्या हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी अप्पा गफूरभाईंच्या घरी गेले. मला सोबत नेलं, कारण त्या घरी त्यांना सायकलवरून जायचं नव्हतं आणि एवढं चालत जायला आता खांदा लागायचा. गफूरभाईंच्या पत्नी जुबेदाआपा ओसरीत बसल्या होत्या. भिंतीशी त्या दोन पेट्या ठेवलेल्या, एकीचं झाकण चेपलेलं. अप्पा उभ्या उभ्याच बोलले. टाका राहिल्याचं, खोकल्याचं, 'झाली' म्हणाल्याचं, काही ठेवलं नाही.

जुबेदाआपांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अप्पा, पैले वो चढाव पे ढकेलते जाते थे. शाम कू घर आ के घुटने पकड़ के रोते थे. ये दो साल आराम से गये. तुम नै करते तो कब के बैठ गये होते. तुम नको रोओ." आणि आत हाक मारून त्यांनी अप्पांसाठी पाणी मागवलं.

अप्पांनी पाणी घेतलं नाही. रस्त्यावर आल्यावर एका ओट्यावर बसले आणि म्हणाले, "शिव्या तरी द्यायच्या हुत्या सर तिनं. दोन शिव्या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दिलेल्या हलक्या परत घ्यायला सुरुवात केली. एका पिशवीत पाने, हातोडी, जुन्या मूळच्या चेनी. एकेकाच्या घरी जायचे, "ते काढून न्यायला आलोय," म्हणायचे. दूधवाल्यानं वाद घातला. "मी मेलो तर मी मेलो अप्पा, तुमाला काय त्रास?" अप्पा म्हणाले, "तुला न्हाई, मलाच त्रास हाय," आणि पाना लावला. वीटभट्टीवरचा म्हातारा सायकल घेऊन उभा राहिला आणि काढून झाल्यावर हातात धरून चालत निघून गेला. रखवालदारानं मोपेड घेतली होती, त्यानं हसत सगळंच देऊन टाकलं. सगळ्यात शेवटी अप्पांनी स्वतःच्या सायकलची हलकी काढली. मग ती सायकल त्यांना जिथं ठेवली तिथून हलवता आली नाही.

राहिली कमळबाई. तिनं सरळ नाही म्हटलं.

"पाय न्हाईत म्हणून हातानं चालते. आता हातबी काढून न्हेता का?"

"तुझ्या गाडीचं काई झालं तर मी कुठं जाऊ बाई?"

"अन् मी कुठं जाऊ?" ती म्हणाली.

अप्पा परत आले. आठ दिवस ते त्या वस्तीकडं गेले नाहीत, पण जेवणही गेलं त्यांचं. एका दुपारी मला म्हणाले, "चला." का ते मला माहीत होतं, आणि मी गेलो. हे मी लपवून ठेवत नाही. मी त्यांना अडवू शकलो असतो. त्यांना तेवढी वाट एकट्यानं चालवली नसती.

कमळबाईची तीनचाकी लिंबाखाली उभी होती. ती आत झोपली असेल अशा वेळी आम्ही गेलो होतो. मी चाक धरलं आणि अप्पांनी पाना लावला. पहिलाच नट कुरकुरला आणि मी वर पाहिलं, तर ती उंबऱ्याशी येऊन बसली होती. हातावर सरकत आलेली, केस सुटलेले. मला वाटलं ती ओरडेल, शेजाऱ्यांना बोलावेल. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. दांडा काढला, मोठी चक्री काढली, जुनी बसवली, चेन चढवली. अर्धा तास लागला. मधे दोनदा खोकला आला. तेवढा वेळ ती बघत होती.

"झालं का?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग जावा आता."

त्यानंतर मंगळवारी बाजारात तिची जागा कधी भरलेली असायची, कधी रिकामी. पुलाच्या तोंडाशी ती थांबलेली मला दिसायची. कधी मी ढकलत असे. कधी मला कॉलेजला उशीर झालेला असे. मग ती जागा रिकामीच दिसायला लागली. आठवड्यामागून आठवडे.

अप्पा बाजाराला जात नव्हते, पण काकू जात. काकूंनी एक दिवस घरी येऊन सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बऱ्याच महिन्यांनी कानस ऐकू आली. दहा-बारा वेळा चालायची, थांबायची. पुष्कळ वेळ थांबायची. मग पुन्हा दहा-बारा वेळा. तो सगळा हिवाळा त्या एका चक्रीत गेला. या वेळी वेल्डिंग नव्हतंच. सहा भोकं, सहा बोल्ट, प्रत्येकाला दोन-दोन नट. अंगणातल्या आडव्या वाशाला त्यांनी ती टांगली, खाली चेनीनं जात्याची तळी बांधली आणि तीन दिवस तशीच ठेवली. रोज उठून बोल्ट बघायचे. मला बोलावून दाखवायचे. "बगा सर, हलला का? तुमच्या नजरेनं बगा, माझ्या नको."

हलला नव्हता. ती घेऊन आम्ही वस्तीवर गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाऊ येऊन उमरीला घेऊन गेला, दोन महिने झाले.

काकू नको म्हणत होत्या. मीही म्हणालो, मी एकटा जाऊन देऊन येतो. अप्पांनी ऐकलं नाही. लोह्याहून नांदेड, नांदेडहून उमरी, दोन एसट्या. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलताना मी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं.

भावाच्या घराच्या मागच्या अंगणात कमळबाई बाजेवर बसली होती. बारीक झाली होती. अप्पांना बघून तिला आश्चर्य वाटलं नाही की राग आला नाही. भावजयीनं चटई टाकली. अप्पा चटईवर बसले, पिशवीतून चक्री काढली, तिच्यासमोर ठेवली आणि बोलायला लागले. सहा बोल्ट, वेल्डिंग न्हाई, जात्याची तळी तीन दिवस टांगली, सरांनी बघितलं. एवढं सलग बोलताना त्यांना फार दम लागत होता.

"गाडी कुठाय?" शेवटी अप्पांनी विचारलं.

"हाय तिकडं कोपऱ्यात. काय करायची?"

"बसवून देतो आत्ताच. पाने आणलेत."

कमळबाईनं उजवा हात उचलून दाखवला. छातीच्या वर तो गेला नाही. तिनं डाव्या हातानं तो धरून खाली घेतला.

"तुमी न्हेल्यावर मी दोन महिने तसंच ओढलं अप्पा. मंगळवार बुडवून कसं चालंल? एक दिवस पुलावरच खांदा गेला. डॉक्टर म्हणला, आता याच्यानं जोराचं काम व्हायचं न्हाई."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. भावजय चहा घेऊन आली आणि कप हातात घेऊनच उभी राहिली.

अप्पांनी चक्रीवर हात ठेवला होता. ते म्हणाले, "मी भ्यालो हुतो बाई. तुझ्यासाठी न्हाई. मी माझ्यासाठी भ्यालो."

"माहीत हाय," ती म्हणाली. मग, "चहा घ्या. थंड हुतोय."

चहा त्यांनी घेतला. चक्री तिथंच ठेवू की नेऊ असं विचारलं. ती म्हणाली, ठेवा, नाहीतर न्या. आम्ही ती तिथंच ठेवून निघालो. गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते. नांदेडपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुमी म्हणला हुता सर, काम तेवढंच ऱ्हातंय. मी माझ्या वाटचं गफूरला दिलं, हिला दिलं. दुसरं काय केलं?" मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की मी तसं म्हटलं नव्हतं, विज्ञानातली गोष्ट वेगळी असते. त्यांनी मान हलवली. पटल्यामुळं नव्हे. मला बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर महिनाभरात मुलगा येऊन दोघांना लातूरला घेऊन गेला. तिथं ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं मिळतं, मोठे डॉक्टर आहेत, असं तो म्हणाला. पावसाळा लागायच्या आधी अप्पा गेल्याचा मला फोन आला. मी पोचेपर्यंत माती झाली होती, त्यामुळं मला शेवटचे दिसले ते लोह्याच्या बसस्टँडवरच.

दुपारची गाडी होती. सामान फारसं नव्हतं. मुलानं आणि मी मिळून त्यांना वर चढवलं आणि खिडकीशी बसवलं, शेजारी काकू. मी खाली उतरून खिडकीखाली उभा राहिलो. पाण्याची बाटली दिली, ती काकूंनी घेतली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, सुट्टीत येतो लातूरला." ते समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते. ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. कंडक्टरनं बेल मारली. मी हात वर केला. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. मग त्यांनी अप्पांचा मांडीवरचा हात मनगटाशी धरून खिडकीपर्यंत उचलला आणि माझ्या दिशेनं हलवला, तान्ह्या लेकराचा हलवतात तसा. अप्पांनी हलवू दिला. काकूंनी सोडल्यावर तो हात गजावर तसाच लोंबत राहिला, आणि गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तो कुणी आत घेतला नाही.